इर्जिक : बैलांची आणि लहान यंत्रांची

शेतीच्या सर्व कामांत नांगरट हें एकट्यानें उरकण्यास सर्वांत जड काम आहे. कोळपणी, भांगलण, राखण हीं कामें घरचीं माणसें मागेंपुढें करून कशींबशीं पार पाडतात. पण काळी, कसदार जमीन वीतभर खोल उलथावयाची म्हणजे एका बैलजोडीचें आणि एका माणसाचें बळ पुरें पडत नाहीं. या अडचणींतूनच आपल्या पूर्वजांनीं इर्जिकीची चाल काढली. ज्या तरुण वाचकांनीं हा शब्द केवळ आजोबांच्या तोंडून ऐकला असेल त्यांच्याकरितां सांगावयाचें तें इतकेंच कीं, एका शेतकऱ्याच्या रानांत गांवांतील अनेकांनीं आपापलीं औतें व बैल घेऊन जावें, दिवसभर बिनमजुरीनें त्याचें रान नांगरून द्यावें, आणि त्यानें सर्वांस पोटभर जेवूं घालावें, याला इर्जिक म्हणतात.

वडूज व त्याच्या आसपासच्या खटाव-माण मुलुखांत ही चाल आतां क्वचित् आढळते. उलट, ज्या देशांत शेतीचीं कामें फार पूर्वींच यंत्रांच्या स्वाधीन झालीं, तेथें जुने लहान ट्रॅक्टर जपणारे हौशी लोक वर्षांतून एकदोन वेळां एखाद्या शेतांत जमतात, आपापल्या यंत्राला नांगर जोडून दिवसभर एकत्र नांगरतात, एकत्र जेवतात आणि आपापल्या वाटेनें घरीं जातात. बैल असतांना आपण जें करीत होतों तें यंत्र आल्यावर आपण सोडलें; त्यांनीं मात्र तें यंत्र हातीं घेऊनच पुन्हां धरलें. आमचें म्हणणें असें कीं, इर्जिक ही बैलांच्या जिवावर चालली नव्हती, म्हणून ट्रॅक्टरच्या येण्यानें ती बुडण्याचें कारण नव्हतें. आणि लहान यंत्रांचा प्रसार होत असलेल्या या काळांत तिची गरज पूर्वींपेक्षां तिळमात्र कमी झालेली नाहीं. हें कसें, तें पुढें क्रमानें सांगतों.

जुनी रीत

रब्बीचा शाळू निघून खळीं उरकलीं कीं नांगरटीचे दिवस लागत. त्या काळचा नांगर बाभळीच्या जाड लांकडाचा, गांवच्या सुतारानें घडविलेला असे. खालीं लोखंडी फाळ, मागें धरावयास रुमणें, पुढें लांब इसाड आणि त्यापुढें जूं. भारी जमिनींत तो ओढण्यास चार, सहा, प्रसंगीं आठ बैल जुंपावे लागत. इतके बैल एका दावणीला असणें हें फार थोड्यांच्या नशिबीं. म्हणून एका जोडीचा धनी दुसऱ्या दोघांतिघांशीं वारंगुळा करी, म्हणजे बैल एकत्र करून आज तुझें रान, उद्यां माझें, असा फेर लावी. वारंगुळा हा हिशेबाचा व्यवहार होता. दिवसास दिवस आणि जोडीस जोडी. इर्जिकींत हा हिशेब नसे. ज्याचें रान मागें पडलें असेल, ज्याचा बैल ऐन हंगामांत दगावला असेल, ज्या घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला असेल, त्यानें गांवांत शब्द टाकावयाचा. ठरल्या दिवशीं पहांटे पांचदहा नांगर त्याच्या बांधावर उभे राहावयाचे. कोठें हलगी वाजे, कोठें नुसत्या आरोळ्यांनीं रान दुमदुमे. संध्याकाळीं ऐपतीप्रमाणें पुरणपोळी किंवा मटण-भाकरी.

या चालीचे फायदे तीन होते. पहिला, रान एका दिवशीं, एका ओलीवर, एका खोलीनें नांगरलें जाई. दुसरा, कोणाचें तास वांकडें गेलें, कोणाचा नांगर उथळ चालला, कोणीं बैलांस विनाकारण मारलें, हें दहा जणांच्या डोळ्यांदेखत घडे, आणि पोरसवदा नांगऱ्या त्या एका दिवसांत जें शिके तें घरच्या रानांत वर्षभर शिकला नसता. तिसरा फायदा गांवकीचा. बांधावरून अबोला धरलेलीं दोन घरेंहि इर्जिकीच्या पंगतीस एका ओळींत बसत.

परंतु जुनें तें सगळें सोनें असें आम्ही म्हणत नाहीं. मोठ्या वाड्यानें इर्जिक घातली तर गरिबास नाहीं म्हणण्याची सोय नसे. मित्रभावाच्या नांवाखालीं ती वेठच होई. तसेंच, रानांतल्या नांगरांची मोजदाद गांवभर होई, पण पहांटेपासून चुलीपुढें बसून पन्नास माणसांच्या भाकरी थापणाऱ्या बायकांचे श्रम कोणीच मोजीत नसे. चाल पुन्हां धरावयाची तर हे दोन दोष गाळूनच धरावी लागेल.

लोखंडी नांगर आणि आपला मुलूख

औत बदललें म्हणजे चालहि मोडतेच, असें नाहीं. याचा दाखला आपल्याच मुलुखांत आहे. खटाव तालुक्यांतील औंध ही पूर्वीं पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होती. बेळगांवास सायकलींचें दुकान चालवून पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ त्यांस दिला, आणि 1910 सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. वडूजवरून वाहणारी येरळा पुढें सांगली जिल्ह्यांत उतरून ब्रह्मनाळाजवळ कृष्णेस मिळते. किर्लोस्करवाडी याच दोन नद्यांमधल्या टापूंत आहे. लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या वेळीं लोकांची समजूत होती, आणि त्यामुळें आरंभीं किर्लोस्करांचे नांगर विकले न जातां पडून राहिले. पुढें शेतकऱ्यांनीं ते वापरून पाहिले, आणि मग मागणी इतकी वाढली कीं पहिल्या महायुद्धांत लोखंडाची टंचाई पडली असतां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा नांगरांकरितां वितळविण्यास दिल्या. त्यानंतर सातारा रोड येथें धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेंहि लोखंडी नांगर काढले.

लांकडी नांगर जमीन फाडीत असे. लोखंडी नांगर ती फाडून उलटी करूं लागला. वरचें तण खालीं गाडलें जाऊं लागलें आणि खालच्या हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हांत येऊन वाळूं लागल्या. औत पार बदललें. पण बैल तेच राहिले, माणसें तींच राहिलीं, आणि इर्जिकीस लांकडी नांगराच्या जागीं लोखंडी नांगर येऊं लागले इतकेंच. ज्यांच्या पूर्वजांनीं नव्या औतासह जुनी चाल संभाळली, त्यांना पुढच्या औतापुढें हार खाण्याचें कारण काय?

ट्रॅक्टर आला आणि काय झालें

आपल्या देशांत ट्रॅक्टरांचे कारखाने निघाले ते मुख्यतः 1960 नंतरच्या दशकांत. महिंद्र व अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीनें 1963 सालीं निघालेल्या कंपनीचा बी-275 हा ट्रॅक्टर मुंबईस कांदिवलीला तयार होऊं लागला. पुढें पिंजोरच्या सरकारी कारखान्याचा एच.एम.टी. व मोहालीचा स्वराज हेहि आले. पस्तीसएक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोनफाळी नांगरानें एका एकराची नांगरट सुमारें दोन तासांत करतो. दहा जणांना हाक मारण्याचें कारण उरलें नाहीं; खिशांत भाडें असलें कीं झालें. त्यांतच 1972 च्या दुष्काळानें वैरणीवांचून दावणी रिकाम्या केल्या, आणि ज्यांचे बैल गेले त्यांतील अनेकांनीं ते पुन्हां घेतले नाहींत.

ट्रॅक्टरनें शेतकऱ्याची कष्टांतून पुष्कळ सुटका केली हें आम्ही नाकारीत नाहीं. पण लहान शेतकऱ्याच्या बाजूनें पाहावें. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत एका खातेदाराच्या वांट्यास सरासरीनें 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन येते; आणि तीहि पुष्कळदां दोनतीन तुकड्यांत विभागलेली. भाड्याचा ट्रॅक्टर साहजिकच मोठ्या, सलग रानांत आधीं जातो. आडवळणाच्या वीस गुंठ्यांच्या धन्यानें चार वेळां निरोप धाडावा, आणि ट्रॅक्टर यावा तो वाफसा उडून गेल्यावर. मग ढेंकळें निघतात डोक्याएवढीं. तीं फोडण्यासाठीं पुन्हां रोटाव्हेटर, पुन्हां भाडें. कित्येकजण तर नांगरट सोडूनच देतात आणि वरच्यावर रोटाव्हेटर फिरवून पेरणी उरकतात.

येथें एक धोका स्पष्ट सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. हरळी ही बियापेक्षां कांड्यांनीं अधिक फैलावते. रोटाव्हेटरचीं पातीं तिच्या मुळ्यांचे तुकडे करून सगळ्या रानांत पसरवितात, आणि ओल मिळतांच प्रत्येक पेर फुटतें. पलटी नांगर मुळ्या उपटून उन्हांत टाकतो. रोटाव्हेटर त्यांची लागवड करतो. शिवाय वर्षानुवर्षें एकाच उथळ खोलीवर पातीं फिरत राहिलीं म्हणजे त्याखालीं घट्ट थर बसतो. पाणी मुरत नाहीं आणि मूळ खोल जात नाहीं. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. पडलेलें पाणी जमिनींत मुरविणें हीच येथली खरी शेती. आणि तें मुरण्याची पहिली वाट नांगरटीच्या तासांतून जाते.

परदेशांतील हौशी नांगऱ्ये

आतां ज्या परदेशी मेळ्यांचा आरंभीं उल्लेख केला त्यांकडे वळूं. नांगरणीच्या स्पर्धा युरोपांत जुन्याच आहेत. आयर्लंडांत किल्डेअर व वेक्सफर्ड या दोन परगण्यांत चांगले नांगऱ्ये कोणाकडे, यावर वाद पडला व त्यांतून 1931 सालीं अथाय गांवाजवळ जो सामना झाला त्यांतून त्यांची मोठी राष्ट्रीय नांगरणी-जत्रा वाढली. नांगरणीची पहिली जागतिक स्पर्धा 1953 सालीं कॅनडांत कोबर्ग येथें झाली. तेथें परीक्षक पहिलें तास कसें उघडलें, तासें सरळ व सारखीं आहेत कीं नाहींत, तण पुरतें गाडलें गेलें कीं नाहीं, आणि शेवटची सरी कशी मिटविली, हें मोजून गुण देतात.

पण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात ते अमेरिकेंतील लहान मेळे, कारण त्यांत स्पर्धा नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें घराभोंवतींची बाग व परसूं राखण्यासाठीं सातआठ ते पंधरासोळा अश्वशक्तीचे ट्रॅक्टर निघाले. इंडियाना प्रांतांतील साउथ बेंड येथें 1946 सालीं सुरू झालेला व्हील हॉर्सचा कारखाना प्रसिद्ध होता. आणि ज्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें पुढें आपल्याकडे महिंद्राशीं भागीदारी केली तिनेंच 1961 सालीं कब कॅडेट नांवाचा सात अश्वशक्तीचा बाग-ट्रॅक्टर काढला. व्हील हॉर्स 1986 सालीं दुसऱ्या कंपनीनें विकत घेतलें, जुने नमुने निघणें केव्हांच बंद झालें. पण तीं यंत्रें लोकांनीं मोडींत काढलीं नाहींत. त्यांचे हौशी धनी स्वतःच्या हातानें इंजिन उघडतात, रंग देतात, आणि नांगरणीच्या दिवशीं तें यंत्र गाडीवर लादून यजमानाच्या शेतावर आणतात. यजमान शेताचे पट्टे आंखून देतो. ज्याचा नांगर नीट लागत नाहीं त्याच्याभोंवतीं चौघे गुडघे टेकून बसतात, कोणी पाना पुढें करतो, कोणी सुटा भाग आपल्या पेटींतून काढून देतो. बक्षीस नसतें. जेवण प्रत्येकानें घरून थोडेंथोडें आणलेलें असतें.

वाचकांनीं हें चित्र इर्जिकीशीं ताडून पाहावें. एकच फरक आहे. त्यांचें नांगरणें हौसेसाठीं असतें. रान नांगरलें नाहीं तर कोणाच्या घरची भाकर चुकत नाहीं. आपल्याकडे ती चुकते. म्हणून त्यांची हौस आपण घ्यावी. पण ती ज्याची गरज आहे त्याच्या रानांत उतरवावी.

लहान यंत्राला सोबत कां हवी

आपल्याकडे लहान यंत्रें नाहींत असें कोणी म्हणूं नये. हातानें धरून चालविण्याचे पॉवर टिलर 1967 सालीं स्थापन झालेल्या बंगलोरच्या व्ही.एस.टी. कंपनीनें जपानी सहकार्यानें काढले. अलीकडे पंधरा अश्वशक्तीचा महिंद्र युवराज, 2021 मध्यें निघालेला अकरा अश्वशक्तीचा स्वराज कोड, अशीं यंत्रें द्राक्षबागा, ऊस व आल्याच्या रानांतून फिरूं लागलीं आहेत. मात्र बहुतेकांच्या मागें रोटाव्हेटर किंवा फवारणीची टाकी असते, नांगर क्वचित्. लहान यंत्रानें नांगरट होत नाहीं असा ग्रह पडला आहे. तो अर्धा खरा आहे. वैशाखांतल्या वाळून दगड झालेल्या काळ्या रानांत लहान यंत्र नुसतें जागच्या जागीं चाकें फिरवीत बसेल. परंतु वळवाच्या चांगल्या पावसानंतर, किंवा खरिपाचा घेवडा-बटाटा निघाल्यावर जमीन वाफशावर असतांना, तेंच यंत्र एकफाळी नांगर सुखानें ओढतें. आणि वजनानें हलकें असल्यामुळें जमीन दाबतहि नाहीं.

अडचण अशी कीं वाफसा थोडे दिवस टिकतो, आणि एकट्या लहान यंत्राचें काम त्या दिवसांत आटोपत नाहीं. हिशेब करून पाहूं. दोन एकरांचें रान 330 फूट रुंद व 264 फूट लांब आहे असें धरा. नांगराची काप दहा इंचांची. तेवढें रान नांगरण्यास सारीं तासें मिळून सुमारें 20 मैल, म्हणजे 32 किलोमीटर चाल पडते. तासीं तीन किलोमीटर वेगानें चाललेंच जवळजवळ अकरा तास. त्यांत वळणें, थांबणें, नांगर साफ करणें मिळविलें म्हणजे एका यंत्राचे दोन पुरे दिवस गेले, आणि मधेंच नांगर किंवा यंत्र बिघडलें तर तिसराहि. तेवढ्यांत वरची ढेंप वाळते. आतां तेंच रान दहा यंत्रांत वांटा. प्रत्येकाच्या वांट्यास 33 फुटांचा, म्हणजे बरोबर आठ गुंठ्यांचा पट्टा; त्यांत 40 तासें आणि चाल 2 मैलांची. सकाळीं न्याहारी करून सुरुवात केली तर दुपारच्या भाकरीआधीं दोन एकर उलथून पडलेले दिसतील. इर्जिक लहान यंत्राला हौस म्हणून नव्हे, तर वाफशाच्या हिशेबानें आवश्यक आहे, तें असें.

नांगर लावण्याचे नियम

बैलाच्या मागें वाढलेला नांगऱ्या हें सर्व हातानें जाणे. ट्रॅक्टरवाल्यास तें पान्यानें करावें लागतें.

पहिला नियम खोलीचा. तासाची खोली त्याच्या रुंदीच्या दोनतृतीयांशापेक्षां अधिक नसावी. दहा इंची कापीला सहा-साडेसहा इंच खोली पुरे. त्याहून खोल घातला तर ढेंप उलटत नाहीं, उभीच राहते.

दुसरा नियम पहिल्या तासाचा. पट्ट्याच्या मध्यावर दोन काठ्या रोवून, नजर पुढच्या काठीवर ठेवून, अर्ध्या खोलीनें पहिलें तास काढावें. परत येतांना दुसऱ्या तासाची ढेंप त्यावर टेकवावी. पहिलें वांकडें गेलें तर पुढचीं सगळीं त्याच्या पावलावर पाऊल टाकतात.

तिसरा नियम समतोलाचा. दुसऱ्या फेऱ्यापासून यंत्राचें एक बाजूचें चाक सरींत उतरतें व यंत्र कलतें. अशा वेळीं नांगर यंत्राशीं समांतर न ठेवतां जमिनीशीं समांतर बसवून घ्यावा. नाहींतर एक कड खोल व दुसरी उथळ जाते.

चौथा नियम चाकांचा. चाकें घसरूं लागलीं कीं कित्येकजण वेग वाढवितात. त्यानें टायर मात्र झिजतो. खोली थोडी कमी करावी, किंवा चाकांवर वजन चढवावें. परदेशी हौशी तर टायरांना सांखळ्याहि गुंडाळतात.

पांचवा नियम शेवटाचा. दोन्ही टोकांस वळण्यासाठीं राखलेली जागा विसरूं नये. ती सर्वांत शेवटीं आडवी नांगरावी. पट्ट्यांच्या मधें उरलेली उघडी सरी उताराच्या दिशेनें असेल तर ती मिटवून टाकावी, नाहींतर पहिल्याच पावसांत तिचा ओढा होईल. मुळांत नांगरट उतारास आडवीच घालावी हें खटावच्या मुरमाड टेकडीखालील शेतकऱ्यांस वेगळें सांगावयास नको.

वडूजला काय करतां येईल

आमची सूचना साधी आहे. तालुक्याच्या गांवीं म्हणून वडूजच्या परिसरांत एक रान निवडावें. तें पुढाऱ्याचें किंवा रस्त्याकडेचें दिसाऊ रान नसावें. ज्याच्या घरीं करतें माणूस नाहीं, ज्याला भाडें परवडत नाहीं, किंवा ज्या भगिनीच्या नांवावर जमीन आहे पण जिच्या हांकेस ट्रॅक्टरवाले उशिरा धांवतात, अशाचें तें असावें. तारीख पत्रिकेवर आधीं छापूं नये. वाफसा हीच तारीख. त्याकरितां यंत्रवाल्यांची यादी आधींच करून ठेवावी आणि पाऊस पडतांच निरोप धाडावा.

यंत्र कोणतेंहि चालेल. पॉवर टिलर, पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, किंवा आजोबांनीं घेतलेला व गोठ्याशेजारीं पत्र्याखालीं उभा असलेला जुना बी-275 किंवा एच.एम.टी. या जुन्या यंत्रांविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. तीं साधीं आहेत. गांवचा मेस्त्री तीं उघडूं शकतो व मुलगा शेजारीं उभा राहून शिकूं शकतो. पिंजोरचा कारखाना बंद पडला तरी त्याचे ट्रॅक्टर अजून चालतात ते अशाच मेस्त्र्यांच्या हातांवर. मोडींत देण्यापूर्वीं अशा यंत्रानें एका इर्जिकींत आपलें बळ दाखवावें असें आम्हांस वाटतें. बैलजोडी असलेल्यासहि आग्रहानें बोलवावें. त्याचा पट्टा सर्वांत सरळ निघाला तर आम्हांस नवल वाटणार नाहीं.

डिझेलचा प्रश्न निघेल. जुन्या इर्जिकींत यजमान बैलांना वैरण घाली. डिझेल ही आजची वैरण समजावी. यजमान समर्थ असेल तर त्यानें द्यावी, नसेल तर सोसायटीनें किंवा जमलेल्यांनीं वांटून घ्यावी. जेवण एका घरच्या बायकांवर लादूं नये. प्रत्येकानें चार भाकरी व कोरड्यास बांधून आणावें. रुमणें, सुकाणू आणि पाना हे पुरुषांचेच हक्क नव्हेत. ज्या मुली चालवूं इच्छितील त्यांना पट्टा द्यावा. आणि ज्यास यावयाचें नाहीं त्यास कोणी टोमणा मारूं नये. वेठीचा वासहि येतां कामा नये.

अपघाताविषयीं मात्र कडक असावें. चालत्या यंत्राच्या दांडीवर किंवा चाकावरच्या पत्र्यावर कोणास बसूं देऊं नये, मुलांना तर नाहींच. फिरत्या शाफ्टावर आच्छादन असावें; धोतराचा सोगा, उपरणें व पदर खोचलेला असावा. नांगरांत कांहीं अडकलें तर इंजिन बंद केल्याशिवाय हात घालूं नये.

आणखी एक प्रयोग त्याच रानांत करावा. एक गुंठा, म्हणजे 33 फूट लांब-रुंद तुकडा, न नांगरतां नुसता रोटाव्हेटरनें करून ठेवावा, व दोन महिन्यांनीं दोन्हींकडील हरळी मोजावी. आमच्या वरील विधानावर विश्वास ठेवण्यापेक्षां शेतकऱ्यांनीं तें आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें बरें.

हौस आहे, वाट हवी

आपल्या लोकांत हौस नाहीं हें आम्हांस मान्य नाहीं. पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत खिल्लार जनावरें पाहण्यासाठीं जी गर्दी लोटते ती पाहावी. सर्वोच्च न्यायालयानें 18 मे 2023 रोजीं बैलगाडी शर्यतींच्या कायद्यास मान्यता दिल्यापासून शर्यतींच्या मैदानांत उभें राहण्यास जागा मिळत नाहीं. एकत्र श्रम करण्याची संवयहि गेलेली नाहीं. 2016 सालीं पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेंत शेजारच्या कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांवानें पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढच्याच वर्षीं खटाव तालुक्यांतील गांवें टिकाव-फावडीं घेऊन माळावर उतरलीं. ज्यांनीं गांवच्या पाण्यासाठीं खांद्याला खांदा लावला, त्यांना शेजाऱ्याच्या रानासाठीं अर्धा दिवस देणें जड जाऊं नये. माळावरच्या चरांत अडलेलें पाणी आणि नांगरलेल्या तासांत मुरलेलें पाणी एकाच विहिरीस उतरतें.

शर्यतींत एकाची जोडी पुढें येते व बाकीच्या मागें राहतात. इर्जिकींत पट्टे निरनिराळे असले तरी रान एकच असतें, आणि तें पुरें झाल्याशिवाय कोणाचेंच काम पुरें झालें असें होत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं अजून इर्जिक घातली जाते, किंवा ज्यांच्या घरीं जुनें यंत्र चालू स्थितींत आहे, त्यांनीं तसें सोसायटीस अवश्य कळवावें. नांगराच्या भागांचीं आपल्या भागांतील नांवें, पट्टे आंखण्याची रीत, वळण घेण्याची खुबी हेंहि वृद्ध शेतकऱ्यांकडून विचारून लिहून धाडावें; जुन्या नांगऱ्यांची पिढी दिवसेंदिवस विरळ होत आहे, आणि तिच्या हातचें ज्ञान कोणत्याहि यंत्राच्या माहितीपुस्तकांत छापलेलें नाहीं. तोंवर यंत्रवाल्यांनीं फाळ शेवटून घ्यावे, बोल्ट आंवळावे आणि वळवाकडे लक्ष ठेवावें.